जनकाबाईचा कोळसा

कुरुंद्यात हळदीबद्दल जनकाबाईशी वाद घालायचं धाडस कुणी करत नाही. साठी उलटली तरी बाई हळद शिजवायच्या मोठ्या कुकरवर उभी राहिली की तरण्याताठ्या दमतात, ही दमत नाही. हळद शिजली का, हे काडी टोचून सांगते आणि सांगितलं की विषय संपला. पण गेल्या साली त्याच हळदीनं तिचं डोकं फिरवलं.

झालं असं, की कुकरमालक देविदासच्या शिजवणीचं पिवळं पाणी नाल्यानं वाहत थेट जनकाबाईच्या वस्तीच्या विहिरीत झिरपलं. पाण्याला वास यायला लागला. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी बायांनी पांढऱ्या साड्या त्या पाण्यात भिजवल्या, साबण लावला, आणि अगं बाई! साड्यांवर लालभडक डाग. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे काय नवीन नाही. पण वर्षाच्या मोठ्या दिवशी सगळी वस्ती डागाळलेल्या साड्या नेसून मिरवणुकीत चालली. बाया रडल्या. जनकाबाई रडली नाही, चिडली.

ती देविदासकडं गेली. तो म्हणाला, "पाणी कुठं तरी जाणारच की, मावशी. साफ करायचं यंत्र म्या कुठून आणू?"

तिची नात ऐश्वर्या वसमतला कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आजी, कोळशाला आतून बारीक बारीक भोकं पाडली, की तो पाण्यातला रंग अन् वास धरून ठेवतो. पण पुस्तकातल्या रीतीला जहाल रसायनं लागतात. ती धुतली की परत नाल्यातच."

"एक घाण काढायला दुसरी घालायची व्हय?" जनकाबाई म्हणाली. "त्या रसायनाचं काम काय असतंय?"

"कोळशाला आतून खायचं."

"मग केळीच्या खुंटाची राख घे. माझी सासू त्याच राखेच्या पाण्यानं कपडे धुवायची. हाताची सालं निघायची, असा तिचा खार."

ऐश्वर्यानं ते वहीत टिपलं. कॉलेजात सरांना विचारून आली आणि दोघी कामाला लागल्या. रानात पडलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, बंद पिंपात कोंडून जाळायची, तो कोळसा राखेच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा आणि पुन्हा कोंडून लालबुंद तापवायचा, मग धुवायचा. पहिल्या दोन पिंपांना झाकणातून हवा लागली, सगळ्याची राख झाली. तिसरं जमलं.

दोघींनी जाऊन सांगितलं, तेव्हा देविदासनं अट घातली. "हंगाम सुरू व्हायच्या आत चार लोकांसमोर पाणी नितळ करून दाखवा. झालं तर कोळशाची टाकी बांधतो. न्हाई तर हा विषय पुन्हा काढायचा न्हाई."

जमलं की गाव! बूड कापलेला प्लास्टिकचा कॅन उलटा टांगला, तोंडाला फडकं बांधलं, आत कोळसा भरला. वरून मुद्दाम थोडी हळद शिजवून काढलेलं पिवळं पाणी ओतलं. खाली काचेच्या ग्लासात पडलं ते लाल! लोक खो खो हसले.

"मावशी, साफ कराय निघाल्या अन् कुंकू करून ठिवलं की!" देविदास म्हणाला.

ऐश्वर्याचा चेहरा पडला. जनकाबाईनं मात्र ग्लासात बोट बुडवलं, जिभेला लावलं, थुंकली. "कोळसा खोटा न्हाई. आत खार राहिलाय, साबणावानी तोच हळद लाल करतोय. विहिरीचं पाणी वाचवावं म्हणून म्या दोनदाच धुतला, चूक माझी हाय. बसा आता, कुणी उठायचं न्हाई!"

बायांनी घागरी आणल्या. एक एक घागर कोळशावरून सोडायची, निघालेलं पाणी ताटलीतल्या चिमूटभर हळदीवर टाकायचं. हळद लाल झाली, की पुढची घागर. धुवण वाया जाऊ दिलं नाही, आणखी पाणी मिसळून केळीच्या बुडाला घातलं. लोक हसायचे थांबून मोजायला लागले. नवव्या घागरीला हळद पिवळीच राहिली.

"ओत आता," जनकाबाई नातीला म्हणाली.

थेंब थेंब करून ग्लास भरला. तो तिनं देविदासच्या डोळ्यांसमोर धरला. पलीकडून त्याला तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

"बराबर हाय," तो हळूच म्हणाला. "बांधतो टाकी. पण कोळसा तुमीच धुवून देत जा."

"कोळसा म्या देईन. धुवायचा तुमी, तुमच्या बोअरच्या पाण्यानं. कधी थांबायचं ते सांगाय चिमूटभर हळद तुमच्या घरात असंलच की!"

आता सगळा गाव देविदासला हसला. त्यालाही हसावं लागलं.

हंगाम पार पडला. टाकीतला कोळसा देविदासनं तीनदा बदलला, स्वतः धुऊन. जयंतीच्या आदल्या दिवशी जनकाबाईनं विहिरीचं पाणी काढलं, आपली पांढरी साडी भिजवली आणि साबण हातात घेतला. सगळ्या बाया हातातलं काम टाकून बघत उभ्या राहिल्या. तिनं पदर घासला, उलटून बघितला, पुन्हा घासला. फेस पांढरा, साडीही पांढरीच.

तेव्हा मात्र जनकाबाई दगडावर बसून ढसाढसा रडली. मग नाक पुसून म्हणाली, "बघत काय राह्यल्या? आणा आपापल्या साड्या."