चार जागा, एक मत

आमच्या जपान सरांचा लांबचा प्रवास म्हणजे आजऱ्याची सासुरवाडी. पण जपानच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक ते अशी सांगायचे, की मतदान जणू कसबा बावड्याच्या पलीकडच्या शिवारातच चाललंय. कॉलेजात त्यांनी राज्यशास्त्र शिकवलं. मी त्यांचा विद्यार्थी. पुढं दोघंही एकाच अपार्टमेंटमध्ये राहायला आलो, त्यामुळं माझी शिकवणी काही सुटली नाही.

"ओसाकातनं एका वेळी चार जण निवडून जातात, पण मतदाराला मत एकच," हे मी वर्गात, लिफ्टमध्ये आणि एकदा मटणाच्या दुकानापुढच्या रांगेतही ऐकलंय. मोठ्या गटानं सगळंच गिळू नये, लहानालाही एखादी जागा मिळावी, हा त्यातला मुद्दा. धोकाही ते सांगत. अमका येणारच म्हणून त्याचीच माणसं दुसऱ्याला मत देऊन बसतात आणि अमका आपटतो. आम्ही हसायचो.

तळमजल्याच्या हॉलमध्ये सरांनी अभ्यासिका काढली होती. स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी दिवसभर तिथं वाचत बसत. सोसायटीतल्या मोठ्या गटाला तिथं जिम हवी होती. कमिटीच्या चार जागा आणि प्रत्येक घराला चार मतं, त्यामुळं दरवेळी चारी जागा त्याच गटाकडं जायच्या. सरांनी दोन बैठका भांडून नियम बदलून घेतला: घराला मत एक, पहिले चार निवडून. निम्म्या सोसायटीला त्यांनी शिकवलेलं, नाही कोण म्हणणार? मग अभ्यासिका वाचवायला ते स्वतःच उभे राहिले.

प्रचार मात्र शून्य. मी म्हटलं, सर, निदान एकदा घरोघरी जाऊन या.

"स्वतःसाठी मत मागायचं? मला न्हाय जमायचं रं ते," म्हणाले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, आजही येतो.

मतदानादिवशी जिन्यात एकच बोलणं, सर तर येणारच की. मीही तेच धरून चाललो आणि समोरच्या काकूंना मत दिलं. काकू रोज आमचं दूध घेऊन ठेवतात, एवढंच त्याचं कारण.

चिठ्ठ्या मीच मोजल्या. सर शेजारी बसले होते. त्यांच्या नावाची एकच चिठ्ठी निघाली, आणि तिच्यावरचं अक्षर त्यांचंच होतं. तीन वर्षं फळ्यावर पाहिलेलं ते अक्षर, ओळखायला चुकणार कसा? चारही जागा जिमवाल्यांच्या आणि काकूंच्यात वाटल्या गेल्या. काकूंना अभ्यासिकेशी काही देणंघेणं नव्हतं.

त्या आठवड्यात एकेक जण सरांच्या घरी जाऊन सांगून आला, की सर, आमचं मत तुम्हालाच होतं. सरांनी सगळ्यांना चहा पाजला. सर पुण्याला लेकीकडं कायमचे जायच्या आदल्या दिवशी मीही गेलो. खरं सांगून माफी मागायची, असं ठरवून गेलो होतो. खाली अभ्यासिकेची टेबलं टेम्पोत चढत होती. सरांनी कप पुढं केला आणि माझ्या तोंडून तेच निघालं, "सर, मी तुम्हालाच दिलं होतं."

"व्हय रं, माहीत हाय की मला," सर म्हणाले. "साखर कमी न्हाय न्हवं?"