मशरूमची कूस

आमच्या सासऱ्यांना रिकामं बसता येत नाही. आणि ते कामाला लागले, की मागून सगळं निस्तरायला मला उभं राहावं लागतं. आयुष्यभर हॉस्पिटलात वॉर्डात कामाला होते. तिथे सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून गल्लीही मामाच म्हणते. घरात मात्र ते बाबा. निवृत्त झाले ते थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरले. चमचे, डाव, सांडश्या, सगळं त्यांनी वॉर्डातल्या हत्यारांसारखं उंचीप्रमाणे लावून ठेवलं, आणि मला आठवडाभर झारा सापडेना.

मी घरामागच्या खोलीत मशरूम पिकवते. गव्हाचं काड उकळून गार करायचं, त्यात मशरूमचं बी मिसळून लांबट पिशव्या भरायच्या, त्यांना चहूबाजूंनी भोकं पाडायची आणि फळ्यांवर लोडासारख्या आडव्या ठेवून द्यायच्या. ओल सांभाळली की भोकांतून गुच्छ बाहेर येतात. माल चौकातल्या हॉटेलात जायचा. तिथला आचारी तोंडाचा फटकळ, पण नजरेचा पक्का.

एकदा त्याने अख्खं क्रेट परत पाठवलं. मी तरातरा गेले.

"ताई, हे काय पिकवलंय?" त्याने एक मशरूम माझ्यापुढे धरलं. देठ आधी वर, मग आडवा, मग पुन्हा वर, बेसिनखालच्या पाइपासारखा. "हे चिरायचं कसं? एक काप दुसऱ्यासारखा पडत नाही."

घरी येऊन डोक्याला हात लावला. नवरा म्हणाला, बी खराब असेल. शेजारीण म्हणाली, उजेड कमी पडतोय. मी बी बदललं, दिवा बदलला. पुढचा माल आणखी वाकडा. सल्ले देणाऱ्यांचं काय जातंय? शेवटी ज्या बाईंकडून बी घेते, त्यांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पिशव्या फिरवता का?"

"नाही हो. मी कशाला फिरवू?"

"मग दुसरं कुणीतरी फिरवतंय. मशरूमला डोळे नसतात, पण वर कुठे आणि खाली कुठे हे त्याला बरोबर कळतं. छत्रीखालच्या पापुद्र्यांतून त्याची भुकटी खाली झडायची असते, म्हणून देठ वरची दिशा धरतो. पिशवी फिरवलीत, की तो वळून पुन्हा वर निघतो. परत फिरवलीत, की परत वळतो. वाकडं होईल नाही तर काय?"

फोन ठेवला आणि मागच्या खोलीत गेले. बाबा बाह्या सरसावून उभे होते. एक हात पिशवीच्या खाली, एक वर, आणि अगदी हलकेच तिला वळवत होते.

"बाबा, काय करताय?"

"कूस बदलतोय," मान वर न करता ते म्हणाले.

"कुणाची?"

"यांची. कोपऱ्यातल्या एकीला खालून काळं पडलं होतं. एकाच कुशीवर पडून राहिलं की असंच होतं. आधी ओल धरते, मग कातडी जाते. मी बघितलंय ते."

सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळून होत्या, पण त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. ते सगळं बाबांचं काम होतं. या माणसावर ओरडायचं कसं? आणि नाही ओरडले, तर माल सरळ यायचा कसा?

"बाबा, ही माणसं नाहीत."

"माहीत आहे. म्हातारा झालोय, खुळा नाही."

"यांची कूस बदलली की यांना वरची दिशा नव्याने शोधावी लागते. देठ वाकतात."

"आणि काळं पडलं तर?"

"पडू दे."

"पडू कसं देऊ?"

संध्याकाळपर्यंत हेच चाललं होतं. नवऱ्याला विचारलं, तर "दोघांचंही बरोबर आहे" म्हणून त्याने पेपर तोंडापुढे धरला. त्याचं हे नेहमीचंच.

मला सांगायला जिवावर येतं, पण फळीला टेकलेली बाजू खरंच काळी पडत होती. मग मीच म्हटलं, पिशव्या उभ्या टांगू. कुठे टेकायला नको, आणि वरचं वरच राहील. बाबांनी छताच्या पाइपाला दोऱ्या बांधल्या. गाठी अशा, की हत्ती टांगावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर बाबा पुन्हा तिथेच. एकेक पिशवी दोरीवर जागच्या जागी थोडी फिरवत होते. मी धावत गेले आणि थांबले. पिशवी फिरत होती, पण तिची वरची बाजू वरच होती. देठांचं काही बिघडणार नव्हतं.

"असं फिरवा हवं तर," मी म्हटलं. "उलटं मात्र टांगू नका."

"उलटं कशाला टांगीन? वटवाघळं आहेत का?"

माल सरळ आला. आचाऱ्याने क्रेट उचकून पाहिलं आणि "ठेवा" एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडून तेवढंही पुष्कळ. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "मी बघतोय म्हटल्यावर येणारच."

काल खोलीत गेले, तर प्रत्येक पिशवीखाली एक टॉवेल अंथरलेला. ठिबकणारं पाणी टिपायला म्हणे. सगळे पाहुण्यांसाठी ठेवलेले, कपाटातल्या वरच्या कप्प्यातले. आता हे धुणार कोण, असं विचारलं.

"मशीन आहे ना," बाबा म्हणाले.