कीबोर्डातलं संबळ

शेजारच्या चतुराबाईंच्या नातवाची हळद होती. चिखलीतल्या सोसायटीच्या मागे मांडव पडला होता, ऊन कलायला लागलं होतं, आणि रुपालीने वडिलांना हाताला धरून आणून दुसऱ्या ओळीतल्या खुर्चीत बसवलं होतं. धर्माजींचा उजवा हात तिनेच उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो हात ठेवाल तिथे राहायचा. कुणी रामराम केला की ते डावा हात कपाळाला लावायचे आणि लगेच खाली बघायचे.

स्टेजवर वाजंत्री असे कुणी नव्हतेच. एक गाणारी मुलगी, एक कीबोर्डवाला आणि दोन उभे स्पीकर. मुलीने देवीचं गाणं धरलं, कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने तीन पट्ट्या दाबल्या, आणि संबळ सुरू झालं.

रुपालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ठेका ओळखीचा होता हे तर झालंच, पण तो वाजवणारा हातसुद्धा ओळखीचा होता. थाप पडायच्या आधी जराशी रेंगाळायची आणि मग एकदम अंगावर धावून यायची. कडवं संपलं, ठेक्याने वळण घेतलं, आणि संबळाच्या मागून एका माणसाचा दबका हुंकार आला. "हं!"

धर्माजींनी मान वर केली.

"रुपे, कोण वाजवायलंय ह्ये?"



रुपाली मूळची भूम तालुक्यातली, गोंधळ्यांच्या घरातली. धर्माजी संबळ वाजवायचे, त्यांचा धाकटा भाऊ भिवा तुणतुणं धरायचा आणि धर्माजी दमले की संबळ आपल्या कमरेला बांधायचा. पंचक्रोशीतलं लग्न ह्या दोघांशिवाय लागत नसे. रुपाली लग्न होऊन चिखलीला आली, नवरा आदिनाथ चाकणच्या एका कारखान्यात होता, तीही तिकडेच गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करायला लागली. शाळेत असताना पेटी शिकलेली होती, म्हणून तिने हौसेने एक जुना कीबोर्ड घेतला. डाव्या हाताने सूर दाबले की त्यात ढोल, गिटार, बास अशी सगळी साथ आपोआप वाजू लागते. साथीच्या अशा एकेका नमुन्याला स्टाइल म्हणतात. तिच्या कीबोर्डात परदेशातल्या नाचांच्या ढीगभर स्टाइली होत्या. गोंधळाची कुठून असणार?

मग ती स्वतःच शिकली. चिंचवडचा गणराज नावाचा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा मुलगा तिला इंटरनेटवरच्या एका ग्रुपमध्ये भेटला, त्याने फोनवर सगळं समजावून दिलं. दिवाळीला गावी जाताना ती माइक घेऊन गेली, आवाज घुमू नये म्हणून धान्याच्या खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या आणि वडिलांना मधे बसवलं.

"आवाजाचा फोटू काढायलीस व्हय?" धर्माजी हसले होते.

"तसंच समजा, आण्णा."

परत आल्यावर तिने एकेक थाप कापून कॉम्प्युटरवर मांडली. सुरुवात, मुखडा, कडवं, वळण, शेवट. सॉफ्टवेअर म्हणायचं, सगळ्या थापा एका रेघेत ओढून देतो. तिने एकदा ओढू दिल्या, ऐकल्या, थापेचं रेंगाळणंच गेलं होतं, म्हणून लगेच होत्या तशा करून टाकल्या. वळणावर वडिलांचा हुंकार थापेत मिसळला होता, तो तिने मुद्दामच राहू दिला. गणराजला एकदा ऐकायला म्हणून स्टाइल पाठवली. पुढच्याच उन्हाळ्यात धर्माजींना झटका आला. ती त्यांना चिखलीला घेऊन आली, आणि त्यानंतर ते फोल्डर उघडायची हिंमत तिला झाली नाही.

आणि आता ते मांडवभर वाजत होतं.

धर्माजी उठले. कुणाचा आधार न घेता, पाय ओढत, नाचणाऱ्या पोरींच्या मधून थेट स्टेजपाशी गेले. रुपाली मागे धावली.

"संबळ कुठाय?" त्यांनी कीबोर्डवाल्याला विचारलं.

"ह्याच्यातच आहे बाबा," तो वाजवता वाजवता म्हणाला.

"आन वाजवायलंय कोण?"

"कुणी नाही. स्टाइल आहे ती."

"कुणी न्हाई कसं? हात हाय की. ह्यो माझा हात हाय."

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. कीबोर्डवाला भला माणूस होता. म्हाताऱ्याला काहीतरी होतंय असं वाटून त्याने चटकन बटण दाबलं. संबळ अर्ध्या थापेवर तुटलं. कुणी मनगट धरून मागे ओढावं तसे धर्माजी हबकले. ते तिथेच खाली बसले. डाव्या हाताने त्यांनी उजवा हात उचलला आणि असा निरखला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा.

घरी आल्यावर ते बोलेनात. ताट पुढे केलं की चार घास खायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. घरात सुतक असल्यासारखं झालं. आदिनाथ म्हणाला, "धक्का बसलाय त्यांना. थोडे दिवस जाऊ दे." पण रुपालीला चैन पडेना. कंपनीत जेवणाची सुट्टी झाल्याबरोबर तिने गणराजला फोन लावला.

"तू कुणाला दिलीस ती स्टाइल?"

"ताई, दोघा मित्रांना दिली होती. का, काय झालं?"

"परत घे. सगळ्यांकडून पुसून टाकायला सांग."

"परत कशी घेऊ, ताई? दोघांनी चौघांना दिली असणार. आता नगरपासून कोल्हापूरपर्यंत वाजतीये. माझ्याकडेच ती दुसऱ्या नावाने फिरून आली. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. आनंदच होईल तुम्हाला."

कंपनीच्या बसमध्ये तिने कानात हेडफोन घातले आणि लोकांनी टाकलेले व्हिडिओ शोधू लागली. खेडची हळद. कुठल्याशा मंडळाची मिरवणूक. मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन, आणि त्यात फीत कापणारा पुढारी. प्रत्येकात वळण आलं की तिचा बाप हुंकार देत होता. तो धडधाकट होता, दमत नव्हता, कुणाच्याही दारात, कुणीही बटण दाबलं की उभा राहत होता. वाटेतला मोशीचा चौक गेला तरी तिला कळलं नाही. शेजारची बाई म्हणाली, "रुपाली, अगं पांढरीफटक पडलीस. बरं वाटत नाही का?"

घरी जाऊन ती वडिलांच्या पायाशी बसली.

"आण्णा, ते मीच केलंय. तुमचा आवाज मीच भरला होता. आता तो गावोगाव गेलाय, आणि मला परत आणता येत नाही."

धर्माजी कुशीवर वळले. ते चिडतील, देवीचं वाद्य बाजारात मांडलंस म्हणून शिव्या देतील, अशी तिने मनाची तयारी केली होती.

"म्या घाबरलो, रुपे," ते म्हणाले.

"कशाला?"

"आदी वाटलं, म्या मेलोय आन वरनं ऐकायलोय. मंग ध्यानात आलं, त्यो दमंना. म्या दमायचो. दोन गाणी झाली की म्या भिवाकडं बघायचो, आन त्यो संबळ घ्यायचा. तितं म्या किती वाट बघितली. भिवा आलाच न्हाई. येकटाच वाजवायलोय म्या, बडवायलोय नुसता."

स्टाइल करताना रुपालीने त्या थापा कितीदा पुढे-मागे करून ऐकल्या होत्या, पण वडील एकटे आहेत हे तिला एकदाही ऐकू आलं नव्हतं.

भिवा लांब नव्हता. धर्माजींचा हात गेल्यावर जोडी मोडली, पोटासाठी तो देहूरोडला एका गोदामावर वॉचमन म्हणून लागला होता. भावाला असं पडलेलं बघवत नाही म्हणून इकडे फिरकत नसे. रुपालीने फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा तो आधी म्हणाला, "न्हाई बाई, मला न्हाई जमायचं." आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीच दारात उभा राहिला. अंगात ड्युटीचाच निळा शर्ट, काखेत फडक्यात गुंडाळलेलं संबळ.

भाऊ भावाकडे बघेना. चहा झाला. रुपालीने माइक लावला, हेडफोन घातले, भिवाने संबळ पुढ्यात ठेवलं आणि सुरू केलं. चारच थापा झाल्या असतील.

"थांब," धर्माजी म्हणाले. "घाई करायलास."

"हात बसलाय, दादा. गेट उघडून आन लावून हात बसलाय."

"सरक जरा."

धर्माजी सरकत सरकत संबळापाशी आले. त्यांनी डाव्या हातात वाकडी टिपरी घेतली आणि आपल्या बाजूच्या मोठ्या भांड्यावर एक थाप टाकली. घुमली. दुसरी टाकली. भिवाचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने आपली एक टिपरी खाली ठेवली आणि दुसरीने लहान भांड्यावर उत्तर दिलं. एक संबळ, दोन माणसं, प्रत्येकाचा एकेक हात. आधी ठेच लागत होती, दोघे एकमेकांच्या टिपरीकडे टक लावून बघत होते. हळूहळू बघायचे थांबले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी काय गोंगाट आहे बघायला म्हणून उतरलं आणि दारातच उभं राहिलं. आदिनाथ रात्रपाळीहून आला होता, त्याने पायातले बूटसुद्धा काढले नाहीत.

थांबल्यावर भिवा शर्टाच्या बाहीने तोंड पुसत राहिला. ते पुसणं बराच वेळ चाललं.

"झालं का भरून, रुपे?" त्याने विचारलं.

रुपालीने कॉम्प्युटरकडे बघितलं. तिने काही दाबलंच नव्हतं. पडदा कोरा होता.

"काका, मी..." तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आता गं?" भिवा म्हणाला.

"आता काय?" धर्माजी म्हणाले. "पुन्यांदा वाजवू. आमाला कुटं जायचंय? ह्याची ड्युटी उद्या हाय."

दुसऱ्या वेळी ते पहिल्यासारखं झालं नाही, पण झालं. तिसऱ्या वेळी बरं झालं. तेच रुपालीने भरलं आणि पुढचे काही आठवडे बसून त्याची स्टाइल केली. कुणाला द्यावी की नाही, हे तिने या खेपेला वडिलांना आधी विचारलं.

"दे की," धर्माजी म्हणाले. "आता दोगं हावोत. काय भ्या न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "पण आयतवारी मला देहूरोडला सोड. भिवाच्या गोदामामागं मोकळी जागा हाय म्हनं. डाव्या हाताला सराव पायजे."