शेपटीची चकती

माझी आत्या जुन्या मोटरसायकलींचे सुटे भाग विकते, आणि गिऱ्हाइकाने जुना ऑइल फिल्टर दाखवल्याशिवाय नवा देत नाही. गाडीचं मॉडेल सांगा, साल सांगा, ती भीक घालत नाही. "जुना आणा, मग बोलू." गिऱ्हाईक चिडतं, कधी निघूनही जातं. मी गल्ल्यावर बसते आणि राग माझ्या नाकावर असतो, त्यामुळे दिवसातून एकदा तरी आमची जुंपतेच.

पण तिचं खरं असतं, हेही कबूल करायला हवं. जुन्या गाड्यांचे मूळ फिल्टर आता कुणी बनवत नाही, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा हुडकून बसवावा लागतो. आत्या घेर मापते, उंची मापते, मधल्या भोकात बोट घालून बघते. उंचीवर तिचा फार कटाक्ष. फिल्टर नखभर जरी आखूड असला तरी फट राहते आणि तेल फिल्टरच्या कागदातून न जाता फटीतून जातं. "तेलाला काय पडलंय गाळून घ्यायचं? मोकळी वाट दिसली की निघालं," ती म्हणते. गाडी मात्र झकास चालत राहते, आणि एक दिवस इंजिन जाम होऊन बसतं.

आखूड फिल्टर उंच करायची युक्ती आतोबांची. आतोबा म्हणजे आत्याचा नवरा. जाड लोकरी कापडाची, मधे भोक असलेली चकती कापून ते फिल्टरखाली घालायचे, की तो बरोब्बर दाबून बसायचा. आतोबा डावखुरे आणि दुकानातली कात्री उजव्या हाताची, त्यामुळे गोल पुरा होता होता हात घसरायचा आणि चकतीला एक बारीक शेपूट राहायचं. दर वेळी. आत्या म्हणायची, "चकती मागितली होती, उंदीर नव्हता मागितला." ते हसायचे आणि पुढचीही तशीच कापायचे.

काही वर्षांपूर्वी, थंडीतल्या एका सकाळी, तपकिरी चौकडीचा कोट घालून आतोबा आपल्या मोटरसायकलवरून माल आणायला गेले, ते आलेच नाहीत. माणूस नाही, गाडी नाही, काही नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, ओळखीपाळखीचे झाले. लोक हळूहळू "मोठा भला माणूस होता" असं बोलायला लागले. आत्या त्या "होता"वर अशी काही बघायची की बोलणाऱ्याची जीभ टाळ्याला चिकटायची. त्यांची कात्री ती कुणाला वापरू देत नव्हती. "आल्यावर त्यांना लागेल." झालं, मी दुसरी कात्री आणली. मला तिची दया यायची आणि रागही यायचा. दाराकडे बघत बघत माणसाने किती वर्षं जेवायचं? आहेत की नाहीत, एवढं एकदाचं कळू दे, असं मला तिच्याहून जास्त वाटायचं.

मग तो चष्मेवाला आला.

कोपऱ्यापलीकडे त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. भर दुपारी गाडी ढकलत आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला तेलकट फिल्टर काउंटरवर ठेवला. धरणाचं पाणी उतरलं तेव्हा गाळात एक मोटरसायकल सापडली होती, नंबरप्लेट गळून गेलेली. भंगारवाल्याकडून त्याने ती घेतली आणि सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करत बसला. गाडीचं मॉडेल त्याने सांगितलं तेव्हा आत्याच्या हातातला फडका थांबला.

"गाडीबरोबर आणखी काही सापडलं होतं का, भाऊ?"

"नाही ताई. नुसती गाडी. मी इंजिन पूर्ण खोललं, एकेक भाग पेट्रोलने धुतला, बाजारातला एक फिल्टर घातला. आता तेल बदलायला उघडलं तर फिल्टरखाली हे होतं. मी घातलेलं नाही."

कागदात फिल्टरच्या शेजारी एक काळी मिट्ट चकती होती.

"आधीचीच राहिली असेल," मी म्हटलं.

"अहो, काचा घासण्यात जन्म गेला माझा. बोटाचा ठसा राहिला तरी मला झोप येत नाही. एवढी चकती राहील?"

आत्याने वाटीत पेट्रोल घेतलं, चकती त्यात बुडवली आणि ब्रशने हळूहळू घासली. काळं सुटत गेलं. खालून तपकिरी चौकडी आली. आणि कडेला, गोल जिथे पुरा व्हायचा तिथे, बारीकसं शेपूट.

आत्याने चकती फडक्यावर ठेवली आणि मागच्या फळीवरून दोन फिल्टर काढले. एक नुकताच आलेला, या गाडीला अगदी नेमका बसणारा. दुसरा आखूड. तिने दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, बराच वेळ बघितलं आणि आखूड उचलला.

"आत्या, हा आखूड आहे," मी काउंटरखालून तिच्या पायाला पाय लावला.

"मला डोळे आहेत. गप्प बस."

उभ्या आयुष्यात तिने चुकीचा फिल्टर कुणाला दिला नव्हता. ती रस्त्यावर त्याच्या गाडीपाशी आली. बॅटरीचा उजेड पाडून फिल्टरची खोबण आतून पाहिली, स्वतःच्या पदराने पुसली, आखूड फिल्टर चकतीशिवाय बसवला आणि झाकणाचे बोल्ट आवळले. मग माझी लाल नेलपॉलिश मागून घेतली आणि प्रत्येक बोल्टवरून झाकणावर एक एक रेघ ओढली. बोल्ट कुणी हलवला तर रेघ तुटणार.

"जपून चालवा आणि लवकर परत या," ती चष्मेवाल्याला म्हणाली. "उघडू मात्र नका. उघडायचं ते इथेच."

त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसत होती, पण त्याने मान डोलावली. आपली गाडी आपल्याशी काहीतरी खेळ करते आहे आणि तो कुणीतरी समजावून सांगावा, असं त्यालाही वाटत असावं.

मधल्या दिवसांत आत्या बदलली. वेणी नीट घालायला लागली, गिऱ्हाइकांशी गोड बोलायला लागली. मला जास्त भीती त्याचीच वाटली. आतोबा जिवंत असतील तर बंद इंजिनात त्यांच्या हातची चकती येणार कशी? आणि नसतील, तर ही कुणासाठी केस विंचरते आहे? मी देवाकडे एकच मागत होते, की झाकण उघडावं आणि आत काही नसावं.

चष्मेवाला आला. रेघा जशाच्या तशा होत्या, एकही तुटलेली नव्हती. आत्याने खाली ट्रे ठेवून बोल्ट काढले, काळं कोमट तेल वाहून गेलं आणि फिल्टर बाहेर आला. त्याच्या बुडाला चकती चिकटलेली होती.

चष्मेवाला दुकानाच्या पायरीवर मटकन बसला. भर उन्हात, शेजारी भाजीवाला ओरडतोय, समोरून शाळेची पोरं चाललीयत, आणि मला आपलं कुणीतरी पाठीशी येऊन उभं आहे असं वाटत होतं.

आत्या मात्र हसली. खरंच हसली. वाटीत पेट्रोल घेऊन तिने चकती धुतली. तीच चौकडी, तेच शेपूट. या वेळी कापडात एक काजही होतं, दाट टाक्यांनी शिवलेलं.

"हे माझ्या हातचं काज आहे," ती म्हणाली. "कोटाचं वरचं. दोरा जुळत नव्हता म्हणून मी काळा घातला होता. बघ."

दोरा काळा होता.

ती त्या काजावरून बोट फिरवत राहिली आणि फिरवता फिरवता तिचं हसू मावळलं. "कोट कापतायत गं ते. काजापर्यंत आले. मी आखूड फिल्टर द्यायचा आणि त्यांनी अंगावरचा कोट कापायचा. तिथे किती गार असेल, काही विचार केला का मी?"

मी तिला जवळ घ्यायला गेले, पण ती उठली होती. आत जाऊन तिने तो नेमका बसणारा फिल्टर आणला, स्वतः बसवला, बोल्ट आवळले.

"हा बरोबर आहे," ती चष्मेवाल्याला म्हणाली. "खाली चकतीला जागाच उरत नाही. आता तुम्हाला त्रास होणार नाही."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. चष्मेवाल्यालाही वाटलं असावं. जाताना त्याने दोनदा हात जोडले.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा चांगला खुशीत होता. गाडी मऊ चालत होती. आत्याने झाकण काढलं, फिल्टर बाहेर घेतला. खाली काही नव्हतं. तिने खोबणीत बोट घालून बूड चाचपलं, पुन्हा चाचपलं, माझ्याकडून बॅटरी घेऊन आत पाहिलं. मग करवतीने फिल्टर कापून त्याचा कागद घडी घडी उलगडला आणि काउंटरवर पसरला. स्वच्छ होता. एक धागासुद्धा नव्हता.

चष्मेवाला नवा फिल्टर घालून घेऊन गेला. आत्या तो कागद समोर घेऊन बसून राहिली. एक गिऱ्हाईक आलं, विचारून गेलं, तिने वर पाहिलं नाही.

"चांगलंच झालं ना, आत्या?" मी तिच्या शेजारी बसून म्हटलं. "आता त्यांना कोट कापावा लागणार नाही. अंगावर तरी राहील."

"हो गं," ती म्हणाली. मग तेलाने भरलेल्या हातांनीच तिने तोंड झाकलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला रडताना ऐकलं. "पण मी ते त्यांच्यासाठी केलं, हे त्यांना कोण सांगणार? त्यांना वाटलं असेल, हिला आता माझी गरज उरली नाही."