साडेसाती संपल्यावरचा शनी

नेपच्यूनला कडी आहेत अशी बातमी आली, त्या दिवशी मोहन चुरींनी आमच्या वाणगावच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये पेढे वाटले. एकोणनव्वदचा ऑगस्ट होता. आम्हाला वाटलं, बढती मिळाली.

"बढती कसली, वहिनी! आधी एकटा शनीच मिरवत होता. मग युरेनसची सापडली, मग गुरूची, आणि आता नेपच्यूनची. चारही मोठ्या ग्रहांना कडी आहेत!"

घरात पाळणा हलल्यासारखा माणूस खुलला होता. मी पेढा खाल्ला आणि मनात म्हटलं, याचं डोकं फिरलंय.

मोहनभाऊ सिग्नल खात्यात होते. दिवसभर रुळांवरून चालायचं, खांबांवर चढायचं आणि दिवेलागणीला अंगणात दुर्बीण मांडायची. डहाणूच्या एका इराणी बागवाल्याचा पंप त्यांनी दुरुस्त करून दिला होता, आणि मजुरीऐवजी त्याच्या माळ्यावर धूळ खात पडलेली ही पितळी नळी मागून आणली होती. तिच्यातून शनी दिसायचा वाटाण्याएवढा, भोवती कडं. पण तो एका जागी ठरत नसे. पृथ्वी फिरते ना, म्हणून बघता बघता नळीबाहेर निघून जायचा. सारखी नळी सरकवत राहावं लागे.

"काळ्या पाण्यात कुणी दिवा सोडलाय," मोहनभाऊ सांगायचे, "आणि त्याच्याभोवती उजेडाचं वर्तुळ तरंगतंय. सगळे बर्फाचे तुकडे, वहिनी! युगानुयुगं नुसते फिरताहेत." हे सांगताना त्यांचा आवाज हळू व्हायचा, आणि ऐकता ऐकता मलाही आपण अंगणात उभे आहोत याचा विसर पडायचा.

सगळ्यांनी शनी पाहिला. भाजीवालीसुद्धा मिरच्यांची पाटी उतरवून बघून गेली. पाहिला नाही तो फक्त मनोरमाताईंनी, म्हणजे मोहनभाऊंच्या बायकोने. ताईंची मकर रास. साडेसाती लागलेली. या काळात शनीकडे बघायचं नाही, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. मोहनभाऊ दुर्बीण मांडत, ताई पाठ फिरवून तांदूळ निवडत.

मला असल्या गोष्टींची भारी चीड. एकदा तोंडावर बोलले, "ताई, एवढ्या लांबचा ग्रह तुमचं काय वाकडं करणार?"

"माझं होऊ दे गं काय व्हायचं ते," त्या म्हणाल्या. "पण हे रोज रुळांवर असतात."



मोहनभाऊंनी काय काय युक्त्या केल्या! एकदा तर गुरू आहे असं सांगून शनीच दाखवायला निघाले होते. ताईंनी बरोब्बर पकडलं. त्यामुळे चौऱ्याण्णव साली ते खरं बोलले तेव्हा ताईंचा विश्वासच बसेना. जेवायला बसता बसता त्यांनी ताट उचललं आणि डोळ्यांसमोर आडवं धरलं. "हे बघ, असं धरलं की नुसती कड उरते. आपल्याला शनीची कडी आता अशीच दिसणार. मिटत चाललीत. लवकर बघून घे."

"चला, काहीतरीच! ग्रहाची कडी कधी मिटतात?" ताई म्हणाल्या. "ताट खाली ठेवा."

त्याच सुमारास ताईंना दाराची चौकट लागू लागली, चहा कपाबाहेर सांडू लागला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा. मोहनभाऊ त्या दिवशी दुर्बीण न मांडता ओट्यावर बसून राहिले. मला म्हणाले, "तिने ती कडी एकदा बघावीत एवढंच होतं हो माझं."

शहाण्णवच्या फेब्रुवारीत साडेसाती संपली. ताई स्वतःहून म्हणाल्या, "चला, दाखवा तुमचा शनी." तो तेव्हा मावळतीला खाली गेलेला, क्वार्टर्समधून झाडांआड. म्हणून आम्ही तिघं वरोरच्या किनाऱ्यावर गेलो. दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, समुद्र नुकता काळवंडला होता आणि वर शुक्र झळकत होता. ताईंनी नमस्कार करून नळीला डोळा लावला.

"हा तर नुसता ठिपका आहे. कडी कुठेत?"

"मिटली गं. म्हटलं होतं ना."

ताई नळी धरून तशाच उभ्या राहिल्या. "म्हणजे या वेळी खरं बोलत होतात तुम्ही."

"उघडतील परत. एक-दोन वर्षांत."

"आणि तोवर माझे डोळे?"

मला शनीचा राग आला, पत्रिकेचा आला, आणि सगळ्यात जास्त या दोघांच्या एकमेकांवरच्या मायेचा आला.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात कडी पुन्हा छान दिसू लागली. ताईंना तोवर उजेड-अंधार एवढंच कळत होतं. तरी मोहनभाऊंनी अंगणात दुर्बीण मांडली, ताईंना हात धरून आणलं आणि डोळा नळीला टेकवून दिला. ताई बराच वेळ वाकून होत्या. मोहनभाऊंचा हात त्यांच्या पाठीवर. नळी सरकवायचंही भान नव्हतं त्यांना.

"दिसली?"

"दिसली हो!" ताई म्हणाल्या. "काळ्या पाण्यात दिवा सोडलाय जसा. आणि भोवती उजेडाचं वर्तुळ, तरंगतंय."

त्यांच्यानंतर मी डोळा लावला. नळीत काळोख होता. शनी केव्हाच निघून गेला होता. एरवी माझं तोंड थांबत नाही, पण त्या दिवशी मी म्हटलं, "वा! काय सुरेख दिसतंय."

मोहनभाऊंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पेढे वाटले.

पुढे एका दुपारी आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो. ताईंनी हळूच विचारलं, "खरं सांग, कशी दिसतात गं ती?"

"मोहनभाऊ सांगतात ना, अगदी तशीच."

"मग बरोबरच सांगितलं मी," ताई म्हणाल्या, आणि चाचपडत पुढची शेंग उचलली.