झेंडूच्या माळेतला सर्व्हर

ज्या वस्तूला हात लावता येत नाही ती जगात नाहीच, असं मानणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या बायकोचा थोरला भाऊ. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. बँकेच्या लॉकरमधल्या पाटल्या वापरायच्या नसल्या तरी ते अधूनमधून जाऊन त्यांना भेटून येत. ऑनलाइन भाजी मागवली की डिलिव्हरीवाल्याला दारात उभं करून एकेक वांगं दाबून बघत. तो बिचारा घायकुतीला येऊन म्हणे, "अंकल, और भी ऑर्डर है!" त्यावर दादा म्हणत, "खराब निकला तो तेरे पिछे मैं भागेगा क्या?"

अशा माणसाचा मी सल्ला घेतला, ही माझी करामत. शांती नगरातल्या माझ्या फोटो स्टुडिओत लोकांच्या लग्नांचे फोटो साठून कॉम्प्युटर धापा टाकायला लागला होता. मी म्हटलं, सगळं क्लाउडवर टाकू. दादांनी विचारलं, "ते नक्की कुठे असतं? बोट दाखवा." मला दाखवता येईना. मग त्यांनीच कुठूनसं कोलोकेशन शोधून काढलं. म्हणजे सर्व्हर आपला, जागा दुसऱ्याची. वीज, थंडावा, राखण त्यांच्याकडे. काशीगावच्या बाजूला अशी जागा मिळाली आणि दादा खूश झाले. "चला, रिक्षाने जाऊन बघून येता येईल!" शेवटी भांडण मिटवायला मी दोन्ही घेतलं आणि माझी हुशारी अशी की लॅपटॉप, क्लाउड आणि सर्व्हर एकमेकांना जोडून टाकले. एकीकडे बदल केला की तिन्हीकडे होणार.

खंडेनवमीच्या सकाळी दादा सर्व्हर घरी आणायला गेले. हत्यारांच्या पूजेला कारागिराचं हत्यार नको? गेटवरचा माणूस चक्रावला. "अंकल, पूजा के लिए सर्व्हर कोई नहीं ले जाता." दादांनी उलट विचारलं, "फिर तुम लोग दसरा कैसे करता है?" पास मिळाला. सर्व्हर पाटावर बसला, झेंडूची माळ, हळदकुंकू, समोर निरांजन.

दादा तिकडून रिक्षाने येईपर्यंत मी इकडे स्टुडिओत पोट धरून हसत होतो. हसता हसता लॅपटॉपची साफसफाई काढली. क्लाउडवर आहेच की, म्हणून जुनी लग्नं उडवली. स्वच्छतेची आवड दांडगी, म्हणून कचऱ्याचा डबाही रिकामा केला.

दुपारी नवघरहून एका काकांचा फोन आला. त्यांच्या मुलीचं लग्न मे महिन्यात झालेलं आणि अल्बम मी तेव्हापासून 'पुढच्या आठवड्यात' देत होतो. मी नवीन थाप जुळवेपर्यंत काका म्हणाले, "आमची आय गेली रं. हलदीतला तिचा फोटू मोठा करून दे. दुसरा चांगला न्हाय आमच्याकडं."

लॅपटॉप रिकामा. क्लाउड उघडलं, तर तेही माझ्याइतकंच स्वच्छ! कॅमेऱ्याची कार्डं कधीच पुसलेली. मी चपला उलट्यासुलट्या घालून दादांच्या घरी पळालो.

"पूजेतलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचं नाही, जावईबापू."

"दादा, त्यांच्या आईचा फोटो आहे. बाकी सगळीकडून मी पुसलाय."

दादा मला काहीतरी खास ऐकवतील म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी फक्त निरांजन बाजूला केलं, सर्व्हरवर अक्षता टाकल्या आणि तो पाटावर किंचित सरकवला. "आईचा आहे ना? मग देव समजून घेईल. घ्या."

नेटची वायर मी जवळपासही येऊ दिली नाही, नाहीतर तिथलंही सगळं पुसलं गेलं असतं. माझं पुसापुशीचं फर्मान सकाळी काशीगावला पोचलं असणार, पण सर्व्हर तेव्हा रिक्षात दादांच्या मांडीवर होता. सर्व्हर दादांच्या टीव्हीला जोडून फोटो उघडला. हिरव्या लुगड्यातली म्हातारी, नाकाला हळद, दात नसलेलं मनमोकळं हसू. दादांनी पडद्यावरच्या फोटोला हात लावला आणि म्हणाले, "आहे."

हल्ली दादांचे गुडघे रिक्षात चढू देत नाहीत. काशीगावला मीच जातो आणि सर्व्हरचा फोटो काढून त्यांना पाठवतो. लगेच फोन येतो, "फोटो दिसला हो. हात लावलात का?"

सुरुवातीला मी नुसतंच "हो" म्हणायचो. आता आधी हात लावतो, मग फोटो काढतो. त्या गारठलेल्या खोलीत तो मागच्या बाजूने चांगला उबदार असतो.