कोरगावातला चार फुटांचा समुद्र

केरीपासून मांद्र्यापर्यंत गोव्यातल्या पेडण्याला एवढा मोठा समुद्रकिनारा आहे, पण त्या अख्ख्या समुद्राची जेवढी काळजी आजवर कुणी केली नसेल, तेवढी माझ्या मावसबहिणीच्या, म्हणजे ताईच्या, यजमानांनी आपल्या हॉलमधल्या चार फूट लांब समुद्राची केली. भावोजींचं आयुष्य डिचोलीकडच्या एका खाणीच्या प्रयोगशाळेत थेंब थेंब औषध सोडून दगडातलं लोखंड तपासण्यात गेलं. खाण बंद पडली तशी ते कोरगावच्या घरी परतले. पण थेंब मोजण्याची हाताला लागलेली सवय काही बंद पडेना. चार महिने त्यांनी विहिरीचं पाणी तपासलं, शेजाऱ्यांच्या विहिरी तपासल्या, एका लग्नाच्या पंगतीत सोलकढीत कागदाची पट्टी बुडवून तिची आम्लता वाढप्याला ऐकवली. मग ताईच कंटाळून म्हणाली, "तुमका तपासूक कितें तरी घरातच हाडा." त्यांनी खाऱ्या पाण्याची काचपेटी आणली.

पेटीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणि एक लाल पाठीची कोळंबी. गावातल्या मासेवालीने कालवणाच्या नजरेने ती कोळंबी पाहून विचारलं होतं, "इतकें बरें सुंगट हाडून तेचें हुमण करूंक नाका?" त्यावर भावोजी आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. पाणी ते केरीहून आणायचे, भरतीच्या वेळी, स्कूटरला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून. वाटेत खड्डा आला की स्कूटर थांबवून कॅनची विचारपूस. पावसाळ्यात तेरेखोलची नदी समुद्रात गोडं पाणी ओतते, म्हणून ते चार महिने घरीच मीठ कालवून समुद्र बनवायचे आणि त्या दिवसांत कुणी हॉलमध्ये शिंकलं तरी वळून बघायचे. सकाळी चहाच्या आधी पीएच. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन रंग बदलेपर्यंत एकेक थेंब औषध सोडायचं आणि थेंब मोजायचे. पाण्यात आम्ल सोसायची ताकद किती उरली आहे ते त्यावरून कळतं म्हणे. त्या वेळी दारात पाववाल्या पोदेराने भोंपू वाजवला तर थेंबांचा हिशेब चुकायचा. शेवटी पोदेर त्यांच्या घरापुरता सायकलवरून उतरून, न वाजवता, मांजरासारखा येऊ लागला.

त्यांना हवा होता आठ पॉइंट तीन. यायचा आठ, फार तर आठ पॉइंट एक. याचं कारण त्यांनी शोधून काढलं, आणि ते कारण आम्ही होतो. माणसं श्वास सोडतात, तो वायू पाण्यात उतरतो आणि पीएच खाली येतो. झालं! त्या दिवसापासून पाहुणा आला की खुर्ची बाहेर ओसरीवर, बाल्कांवात. हॉलमध्ये उदबत्ती बंद. एका चतुर्थीला आम्ही पंधरा-वीस जण गणपतीपुढे आरतीला उभे होतो, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि दुसऱ्या कडव्याला भावोजींनी हॉलच्या तिन्ही खिडक्या सताड उघडल्या. भटजी अर्धे भिजले, निरांजन विझलं. ताई कडाडली, "माशांक वारो जाय म्हणून आमी भिजूंक जाय?"

"तुमी भायर वचूं येता," भावोजी दाराकडे आणि मग पेटीकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाले, "ते खंय वतले?"

नंतर ताई आजारी पडली. तिच्या फुफ्फुसांचंच दुखणं होतं. आतल्या खोलीत तिला कोंडल्यासारखं व्हायचं म्हणून खाट हॉलमध्ये, पेटीच्या शेजारी आणली. दिवस थंडीचे होते आणि वाऱ्याची झुळूक लागली तरी तिला खोकल्याची उबळ यायची. मी भेटायला गेलो तेव्हा त्या घरात कधी न दिसलेलं दृश्य दिसलं: तिन्ही खिडक्या बंद, फटींत जुन्या लुगड्याच्या पट्ट्या कोंबलेल्या. खाटेशी ताईची सलाईन टांगलेली, आणि पेटीशी दुसरी तशीच नळी. तिच्यातून चुन्याची निवळी थेंबथेंब पाण्यात पडत होती, पीएच सावरायला.

"किती आहे?" मी विचारलं.

"सात पॉइंट आठ." भावोजी ताईच्या पायांवरची चादर नीट करत होते. "रावं दी. खिडकी उगडली जाल्यार तिका खोकली येता."

ताई उशीवरून माशांकडे बघत होती. "आता कळलां," ती हळूच म्हणाली, "टीव्हीपरस बरे आसत हे."

महिनाभराने ती गेली. दिवसकार्याला घर भरलं. लेक मस्कतहून आला, तेरावा झाल्यावर रजा संपली म्हणून गेला. "बाबा, तिकडे चला," असं त्याने दोनदा म्हटलं. भावोजींनी दोन्ही वेळा पेटीकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात मी गेलो तर ते ताईच्या रिकाम्या खाटेवर वही उघडून बसले होते. त्यांनी वही माझ्याकडे केली. आठ पॉइंट तीन. खाली दुसऱ्या दिवशी आठ पॉइंट तीन. तिसऱ्या दिवशीही तेच. मी मूर्खासारखा बोलून गेलो, "अरे वा, भावोजी, आला की आकडा!"

"आयलो," ते म्हणाले. मग वही मिटून म्हणाले, "इतकी वर्सां हो आकडो माका जाय आशिल्लो. घरात एक श्वास उणो जालो मरे, म्हणून आयलो."

पाण्याच्या आवाजाखेरीज हॉलमध्ये दुसरा आवाज नव्हता.

त्यानंतर भावोजींनी माणसांना आत बोलवायला सुरुवात केली. पण आम्हां सगळ्यांना बाहेर बसायची सवय त्यांनीच लावली होती. शेजारी येतात ते बाल्कांवातच टेकतात. "भितर या मरे," ते म्हणतात. "नाका, भायर बरां आसा," शेजारी म्हणतात आणि माशांच्या भल्यासाठीच आपण बाहेर बसलो आहोत अशा चेहऱ्याने लवकर उठतात. मग भावोजी दोन कप चहा करतात, कारण एका कपाचं दूध मोजायची सवय त्यांच्या हाताला अजून लागलेली नाही, आणि दुसरा कप निवल्यावर पितात. पोदेराला त्यांनी सांगितलं, भोंपू वाजव. त्याला खरं वाटेना. अजूनही तो न वाजवताच येतो, पाव दारातल्या पिशवीत ठेवतो आणि हॅण्डल धरून तसाच मागे फिरतो. पाव कधी आले ते भावोजींना कळतच नाही.

मी मात्र रविवारी जातो आणि थेट आत जाऊन बसतो. आम्ही फारसं बोलत नाही. ते कोळंबीने कात टाकल्याचं सांगतात, मी माझ्या गुडघ्याचं सांगतो. परवाच्या रविवारी घरी पाहुणे होते, जायला जमलं नाही. दुपारी त्यांचा फोन आला.

"कांय ना. सहज केलो."

"मासे बरे आहेत ना?"

"माशे बरे आसत."

एवढं झाल्यावर एरवी ते फोन ठेवतात. त्या दिवशी ठेवला नाही. आमच्या घरात पोरांचा दंगा चालला होता, कुणीतरी ताट पाडलं, माझी बायको ओरडली. मी म्हटलं, "भावोजी, इथे फार गोंगाट आहे, आतल्या खोलीत जातो."

"नाका," ते घाईने म्हणाले. "थंयच राव. आयकतां हांव."

मी तिथेच, सगळ्यांच्या मधोमध, फोन हातात धरून उभा राहिलो.